एकाच आजोबांची नातवंडं

गौरवांकाच्या संपादक मंडळींनी हा लेख मागितला संक्रांतीला. आज चैत्र उजाडला. मधे मी वणीला जाऊन आलो, तिथून सटाण्याला, तिथे उसाच्या गुऱ्हाळावर आठ दिवस गेले. कारण सांगण्यासारखं नाही. माझं शिक्षण इंग्रजी चौथीत सुटलेलं, आणि साठी पूर्ण करणाऱ्या डॉक्टर दाजीसाहेबांवर लिहायचं म्हणजे पेन जड होतं, एवढंच खरं.

त्यांची माझी ओळख त्र्यंबकच्या वाटेवर झाली. सर्व्हिस मोटार बंद पडली होती आणि दाजीसाहेब मैलाच्या दगडावर बसले होते. "माणसांची नावं लिहिता येतात का तुला?" येतात म्हटलं. "मग चल," म्हणाले. चाललो ते थेट पेठकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर.

पावसाळ्यात वाट तुटणारा, मूठभर घरांचा पाडा. तिथे कित्येक मुलं जन्मतः बहिरी. दाजीसाहेबांना आधी झऱ्याच्या पाण्याचा संशय आला. त्यांनी नवी विहीर खणून घेतली. पुढेही बहिरी मुलं जन्मलीच. तेव्हा साऱ्यांना जमवून ते म्हणाले, "चूक माझी. तुमची मेहनत फुकट गेली."

एक म्हातारा म्हणाला, "फुकट कशी, सायेब? पाणी लय ग्वाड लागलं!"

मग सारवलेल्या अंगणात त्यांनी चिंचोके मांडले. माणसागणिक एक, बहिऱ्यासाठी सोललेला, पांढरा. नावं मी लिहीत होतो. मागे तिसऱ्या-चौथ्या पिढीत सगळ्या ओळी मूळच्या दोन भावांपाशी जाऊन मिळाल्या. मुलगी आत्याच्या घरीच द्यायची, ही तिथली रीत. दाजीसाहेबांनी समजावलं: आईबापांना नीट ऐकू येत असलं तरी दोघांच्या रक्तात एकाच आजोबांकडून आलेला तोच दोष लपलेला असू शकतो, तो दोन्हीकडून आला की मुलात उघडा पडतो.

गंगूबाईंनी आपल्या रामासाठी भावाची मुलगी पाळण्यातच मागितली होती. त्यांची स्वतःची धाकटी लेक बहिरी, भावाचाही एक मुलगा बहिरा. भावाने हे ऐकून सोयरीक मोडली.

"पोरगी दुसऱ्याला देता, आन् माझ्या लेकाला काय चिंचोके देता?" गंगूबाई डॉक्टरांवर कडाडल्या.

"बाई, होईलच असं नाही. पण भीती मोठी आहे."

"म्हंजे तुम्हालाबी ठावं नाय!"

"खात्रीने नाही," दाजीसाहेब म्हणाले. थोडं वाढवून सांगितलं असतं तर वाद तिथेच मिटता. त्यांनी वाढवलं नाही.

गंगूबाईंनी भाऊबीज बंद केली, डॉक्टरांना ओट्यावर पाय ठेवायची बंदी केली. दाजीसाहेब मात्र दर खेपेला ओट्याखाली उभं राहून त्यांच्या बहिऱ्या लेकीला ओठांवरून शब्द ओळखायला शिकवत राहिले. पुढे रामाला दिंडोरीकडची मुलगी केली. तरीही भावाबहिणीचा अबोला सुटला नाही. ते एक घर आपण तोडलं, असं दाजीसाहेब मला परतताना एकदाच म्हणाले.

दाजीसाहेबांच्या गुडघ्यांनी पाड्याचा तो चढ अजून पुष्कळ वर्षं चढावा, चष्मा न बदलता त्यांना शंभरी दिसावी, ही आम्हा सगळ्यांची इच्छा.

हे दाजीसाहेबांच्या दवाखान्याच्या माडीवर लिहीत होतो, तोच खालून आवाज आला. वाकून पाहिलं. दारात गंगूबाई, कडेवर रामाचं तान्हं. मागे त्यांचा भाऊ, खांद्यावर दुपटी टाकून उभा.

"डाक्टर, याच्या कानाचं बघा," त्या म्हणताहेत. "आन् हाय ते सांगा. तुम्ही खोटं सांगत नाय."

दाजीसाहेब जेवणावरून उठले आहेत. मीही खाली जातो.