उजव्या हाताची नखं

चिकूच्या वाडीचा मालक आणि हाताला लांब नखं, हे डहाणूत कुणाच्याच पचनी पडलं नाही. दीपेशच्या डाव्या हाताची नखं पार कापलेली, उजव्याची मात्र वाढवून, घासून तुळतुळीत केलेली. गिटारीच्या तारा त्या नखांनीच छेडायच्या असतात, हे सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं. वडील गोविंदराव पाहुण्यांसमोर म्हणायचे, "आम्हाला मुलगी नाही. ती हौस चिरंजीवांनी एका हातापुरती भागवली."

कॉलेजात असताना वसईच्या गिटार शिकवणाऱ्या मास्तरांनी त्याला एक जुनं पुस्तक दिलं होतं. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या कुणा युरोपीय वादकाने शिष्यांच्या सरावासाठी केलेल्या पंचवीस रचना होत्या. त्या सगळ्या वाजवून रेकॉर्ड करायच्या, एवढा एकच हट्ट दीपेशने आयुष्यात धरला. बाकी लग्न, वाडी, सगळं वडिलांच्या मर्जीने. चिकू निवडायच्या बिनविजेच्या खोलीत तो दुपारी दोनला बसायचा, कारण तेव्हा लाईट जायची आणि विहिरीवरची मोटर गप्प व्हायची. बॅटरीवरचा रेकॉर्डर लावून तो मनातल्या मनात वायरमनला दुवा द्यायचा.

सात वर्षांत चोवीस झाल्या. मग उजव्या हाताचं मधलं बोट आपोआप आत वळू लागलं. वापीच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "हे वाढतच जाणार. जे वाजवायचं ते महिन्याभरात वाजवा."

त्याच आठवड्यात गोविंदराव गेले. सुतकात वाद्याला हात लावायचा नाही, म्हणून दीपेश दहा दिवस थांबला.

दहाव्या दिवशी धाकट्या डहाणूच्या खाडीवर न्हाव्याने त्याचं डोकं भादरलं आणि नखांसाठी हात मागितला. दीपेशने डावा पुढे केला. त्यात कापण्यासारखं काही नव्हतंच. उजवा त्याने पंच्यात लपवला. गुरुजींनी बघून न बघितल्यासारखं केलं, भला माणूस!

पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. दोन कावळे समोरच्या होडीवर बसून होते, खाली यायचं नाव नाही. वाडी विकणार नाही, आईला अंतर देणार नाही, दीपेशने हात जोडून सगळं कबूल केलं. तास गेला. धाकटे काका चिडून म्हणाले, "अरे, त्या नखांपायी माणूस जन्मभर जळला. अजून तीच लपवतोस?"

दीपेशला रडू फुटलं. बापाचा जीव तळमळत ठेवून कसल्या रचना पुऱ्या करायच्या? त्याने उजवा हात न्हाव्यापुढे धरला. नखं वाळूत पडली. पुन्हा वाढायला तीन महिने लागणार होते, आणि बोट तेवढं थांबणार नव्हतं.

कावळे जागचे हलले नाहीत.

वाडीवरचा जुना गडी हाल्या मागे उभा होता, तो पुढे आला. "शेठ, नखांचा काय नाय. लाईट कधी जातच नव्हती. मोठे शेठ रोज दोन वाजता मला मोटर बंद करायला सांगत, नि खोलीच्या मागं खुर्ची टाकून ऐकत बसत. तुम्हाला बोलू नको, असा दम दिलेला. जायच्या आदल्या दिवशी बोलले, हाल्या, आता एकच रायली रे. ती तेवढी ऐकायची हाय."

गुरुजींनी विचारलं, "काही कबूल करायचं राहिलंय का?"

दीपेशने नखं गेलेल्या बोटांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.