मधेच आलेलं आमेन

रविवारी चर्चला गेले ती निदान तासभर बसायला मिळेल म्हणून. सासूबाईंनी अंथरूण धरल्यापासून प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत; डोळे मिटले की झोप येते.

शेजारी सरोजबाई होत्या, लहानपणीच्या आमच्या संडे स्कूलच्या शिक्षिका. पूर्वी त्यांची प्रार्थना संपता संपत नसे. अर्धांगवायूनंतर तोंडात एकच शब्द उरलाय, प्रार्थनेच्या शेवटी म्हणायचा आमेन.

सगळे उभे राहिले. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, "हे प्रभू, आम्ही थकलो आहोत..."

"आमेन!" सरोजबाई मोठ्यांदा म्हणाल्या.

मागे कुणीतरी हसलं. पाळकसाहेब थांबले. धीर, सामर्थ्य, सगळं मागायचं अजून राहिलंच होतं. पण ते हळूच म्हणाले, "बाई म्हणतात, प्रार्थना पोचली. बसा."

पंख्याच्या घरघरीत मी तेच मनात घोळवत राहिले. अंगात जरा बळ आलं की नीट प्रार्थना करू, म्हणून मी कित्येक महिने थांबले होते. बळ नाही, एवढंच सांगायचं असतं का?

दुपारी सासूबाईंना कुशीवर वळवताना तोंडातून निघून गेलं, "प्रभू, थकले रे."

भिंतीकडे तोंड केलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आमेन."