यूपीएसला बोलतं करणारे भाऊ

भाऊ बोलायला लागले की आधी उजव्या हाताचं बोट वर जायचं. "म्हंजे ते असं हाय ताई, की आपन जर का..." एवढं म्हणायचे आणि तिथेच थांबायचे. बोट वरच, डोळे छताच्या पत्र्याकडे, तोंड किंचित उघडं. विचार पुढे निघून गेलेला असायचा आणि जीभ मागे राहिलेली असायची. नवा माणूस भाबडेपणाने वाट बघत बसायचा. आम्ही डोंगरकडा गावचे लोक तेवढ्यात आपापली कामं उरकून घ्यायचो.

असा अर्धवट बोलणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पण त्याने कधी यूपीएसला बोलतं केलं नसणार! आमच्या भाऊंनी केलं, आणि तेही माझ्या शेडमध्ये. म्हणून ही हकिगत सांगायचा हक्क मी माझ्याकडेच ठेवला आहे.

माझी शेड म्हणजे घरामागची हॅचरी. गावरान कोंबडीची अंडी मशीनमध्ये उबवायची आणि पिल्लं विकायची, हा माझा धंदा. अंड्यांना ऊब सतत लागते, आणि आमच्याकडे लाईन, म्हणजे वीज, कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून मी मोठा यूपीएस घेतला होता. लाईन गेली की तो बॅटरीवर मशीन चालवायचा आणि बारीक आवाजात टीं टीं करायचा. बॅटरी भरलेली असली तरी टीं टीं, संपत आली तरी तेच टीं टीं. ते ऐकायला आणि दोरी ओढून जुना जनरेटर सुरू करायला शेडमध्ये कोणी असलं तर उपयोग.

एकदा मी नात्यातल्या लग्नाला गेले होते. लाईन गेली, यूपीएसने जमेल तेवढं रेटलं आणि मग तोही बसला. मी परत आले तर अंडी थंडगार. फोडून बघितली, आत पूर्ण वाढलेली पिल्लं होती, मऊ पिसांसकट. शेडमध्ये बसून मी ढसाढसा रडले. पुन्हा एकदा असं झालं तर हॅचरी कायमची बंद, असं मी घरात आणि गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं.

भाऊ शेजारचे. पुण्यात कंप्युटरच्या नोकरीत होते. घरून काम करायची मुभा मिळाली तसे बायकोसह गावी आले आणि इथेच रमले. ते मला धीर द्यायला आले होते, पण धीर राहिला बाजूला. यूपीएसच्या पाठीमागे वाकले आणि ओरडले, "ताई! हे तर बोलनारं मशीन हाय! ह्याला केबलची जागा हाय इथं! तुमी ह्याला मुकं समजून राहिल्या व्हय?"

मला वाटलं, माझं दुःख बघून ह्यांच्याच डोक्यावर परिणाम झाला.

मग त्यांनी समजावलं, तुकड्यातुकड्यांत, आणि तुकडे मी जोडले. कंप्युटरने यूपीएसला ठरलेला प्रश्न विचारायचा, तब्येत कशी आहे. यूपीएसने आकड्यांची एक ओळ पाठवायची, लाईन आहे की नाही, बॅटरी किती उरली. विचारायची आणि सांगायची ही जी रीत, तिला प्रोटोकॉल म्हणतात. पाहुण्यांच्या घरोघरी जशा वेगळ्या रिती, तशा कंपन्यांच्याही. त्या सगळ्या रिती जाणणारा एक ड्रायव्हर, म्हणजे कंप्युटरमधला दुभाषी प्रोग्रॅम, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला आहे, फुकट आणि उघडा. "सामायिक विहीर हाय ही ताई," भाऊ म्हणाले. "कोनीबी पानी न्यावं, कोनीबी उतरून गाळ काढावा." त्या ड्रायव्हरला कळणाऱ्या यूपीएसांची एक यादी होती, तीत माझं मशीन तेवढं नव्हतं. कंपनीने दिलेली सीडी मोठ्या कंप्युटरवरच चालायची, आणि भाऊंनी मला आणून दिलेला कंप्युटर होता तळहाताएवढा.

"मंग आपनच लिहू," भाऊ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्या शेडमध्ये ठाण मांडलं.

काय तो उत्साह! ऑफिसचं काम संपलं की माणूस धावतच यायचा, चपला एकीकडे, लॅपटॉप एकीकडे. यूपीएसशी बोलायचे, त्याला लाडीगोडी लावायचे, मधूनच रागवायचे. "सांग ना बाबा, काय तकलीफ हाय तुला?" पिल्लं घ्यायला आलेली माणसं दारातूनच परत जायची. मी म्हणायचे, भाऊ, गिऱ्हाईक पळवू नका. त्यावर बोट वर आणि "म्हंजे ते असं हाय ताई..."

एका दुपारी लाईन नव्हती. भाऊ यूपीएससमोर उकिडवे बसलेले. यूपीएस उत्तर देतो आहे हे त्यांना स्क्रीनवरच्या एका खिडकीत दिसत होतं, पण ड्रायव्हर ते उत्तर घ्यायलाच तयार नव्हता. तेवढ्यात त्यांची बायको, आमच्या वहिनी, रस्त्यावरून ओरडत आल्या, "लाईन आली वो!"

भाऊ ताडकन उठले. "आली? कुठं आली? पुरी आली का?" आणि स्क्रीनला नाक लावून शोधायला लागले. डोक्यावर पंखा गरगर फिरायला लागला तरी त्यांच्या ध्यानात येईना, की वहिनी विजेच्या लाईनीबद्दल सांगतायत, यूपीएसच्या ओळीबद्दल नाही. मी हसून हसून भिंतीला टेकले.

"हसू नका ताई," भाऊ काकुळतीला आले. "हे येडं बोलतं, पन ओळ संपवत न्हाई! ओळ संपली की संपल्याची खूण द्यावी का न्हाई? बाकीचे समदे देतात. आपला ड्रायव्हर त्या खुणेची वाट बघून राहिला, बघून राहिला, आन् शेवटी म्हनतो, कोनी बोललंच न्हाई!"

वहिनी पदराने घाम पुसत म्हणाल्या, "मंग वाट बघायचीच काहून? तुमचं बोलनं संपायची वाट बघितली असती तर आपलं लगीन तरी झालं असतं का? तुमी म्हनलात, 'माझं म्हननं असं हाय, की आपन दोघं...' आन् झाले गप. मी जरा थांबले. फुडं काई येईना. मंग मीच म्हनलं, चालंल मला."

भाऊंचं बोट वर गेलं. मी मनात म्हटलं, आता अर्धा तास गेला. पण नाही! बोट झटकन खाली आलं आणि थेट कीबोर्डवर पडलं. "गप बसला की संपलं समजायचं! जरासं थांबायचं, आकडे जागच्या जागी हायत का बघायचं, आन् घ्यायचं उत्तर!" बोट वर गेल्यावर त्यांच्या तोंडून सलग पूर्ण वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला ते अजून पाठ आहे.

दिवेलागणीच्या आत स्क्रीनवर आकडे उमटले. लाईन आहे. बॅटरी भरत आहे. आम्ही तिघं असे ओरडलो की शेडमागची कोंबडी फडफडत कुंपणावर जाऊन बसली.

तरी काम संपलेलं नव्हतं. लिहिलेलं विहिरीत टाकायचं, म्हणजे सगळ्यांसाठी द्यायचं, तर आधी ते तपासलं जातं. तपासणारे एक परदेशी गृहस्थ होते. त्यांचा चेहरा आम्ही कधी पाहिला नाही. ते प्रत्येक ओळीला 'का' विचारायचे. इथे एवढंच का थांबता? हा आकडा असाच का धरला? 'का'ला आमच्याकडे 'काहून' म्हणतात, म्हणून भाऊंनी त्यांचं नाव काहूनबुवा ठेवलं. "ताई, काहूनबुवा आले!" असं ओरडत ते मोबाईल नाचवत यायचे. रागवायचे, चडफडायचे, आणि मग कबूल करायचे, "बराबर हाय पन त्याचं."

काहूनबुवांची शेवटची मागणी अवघड होती. प्लग काढून बॅटरी खरोखर संपत येईपर्यंत मशीन चालवा आणि यूपीएस ते वेळेवर सांगतो का, हे दाखवा. माझी अंडी तेव्हा अगदी शेवटाला आलेली. कानाशी धरलं तर आतून बारीक टकटक ऐकू यायची. मी साफ सांगितलं, ही पिल्लं बाहेर येईपर्यंत कोणी प्लगला हात लावायचा नाही. भाऊ लगेच कबूल झाले. तरीही लाईन जाऊन बॅटरी उतरली तर कंप्युटरने मला आपोआप फोन करावा, एवढी सोय त्यांनी करून ठेवली होती. फोनवरचा आवाज आधी स्वतःचा भरायला बसले, पण दर वेळी मध्येच थांबायचे. अखेर वहिनींनी भरला.

मी आखाडा बाळापूरच्या बाजारात होते. दुपारी आभाळ काळंभोर झालं आणि असं वादळ सुटलं की दुकानांवरच्या ताडपत्र्या उडाल्या. आणि फोन वाजला. "ताई, बॅटरी उतरली, पळा!"

मी पिशव्या तिथेच टाकल्या. ऑटोवाल्याच्या पाठीवर थापा मारत निघाले. वाटेत लिंबाचं झाड आडवं पडलेलं. ते ओलांडून पुढचा रस्ता मी धावत गेले, चिखलात, साडी गुडघ्यापर्यंत. मनात एकच होतं, ती टकटक थांबायला नको.

शेडमध्ये पोचले तर काय बघावं? वहिनी पदर खोचून जनरेटरची दोरी जिवाच्या आकांताने ओढतायत, आणि भाऊ त्यांच्याकडे पाठ करून स्क्रीनसमोर नाचतायत! "ताई, बोललं! वेळेवर बोललं! बराबर आकडे हायत! काहूनबुवाला आता..." वहिनी किंचाळल्या, "अवो, आधी दोरी ओढा!" भाऊ भानावर आले, पळत गेले, दोघांनी मिळून झटका दिला आणि जनरेटर धडधडला. मी मशीनचा दरवाजा उघडून अंड्यावर हात ठेवला. अंडं ऊबदार होतं. मी भाऊंवर ओरडणार होते, पण तोंडातून हसूच फुटलं.

रात्र उलटून सकाळ झाली तेव्हा ट्रेमध्ये पिवळी, काळी, ठिपक्यांची पिल्लं एकमेकांवर पडत धडपडत होती. भाऊंनी एक तळहातावर घेतलं आणि कितीतरी वेळ त्याच्याशीच बोलत बसले. त्या माणसावर मी त्या दिवशी जीव ओवाळून टाकला असता.

वादळातले आकडे काहूनबुवांना गेले आणि आमचं मशीन जगाच्या यादीत चढलं. भाऊंनी एसटी स्टँडवर जिलेबी वाटली. लोक विचारत होते, "प्रमोशन झालं का?" भाऊ म्हणायचे, "त्याहून मोठं! आपल्या गावचं मशीन..." आणि बोट वर. लोकांनी जिलेबी खाल्ली, अभिनंदन केलं आणि बसमध्ये चढले.

पुढच्या हिवाळ्यात भाऊ गेले. छातीत कळ आली, नांदेडला नेलं, पण उपयोग झाला नाही. मला त्यांचा राग आला होता, इतक्या लवकर उठून गेल्याचा. अजूनही येतो.

उन्हं तापायला लागली होती तेव्हा वहिनी भाऊंचा फोन घेऊन शेडमध्ये आल्या. तो फोन त्या रोज चार्ज करत. काहूनबुवांचा निरोप होता. ड्रायव्हर नव्याने लिहिला जात आहे, तुमच्या मशीनवर चालवून बघाल का? कोणाचंच उत्तर आलं नाही तर नाइलाजाने ते यादीतून काढावं लागेल.

माझ्या मोडक्या इंग्रजीत मी कळवलं की भाऊ आता नाहीत. दुसऱ्या दिवशी लांबलचक उत्तर आलं. मी ते वहिनींना मराठीत सांगितलं. काहूनबुवांना वाटलं होतं, हा कोणी विशीतला मुलगा असेल, कारण प्रत्येक निरोपात इतकी उद्गारचिन्हं असायची. त्यांनी लिहिलं होतं, की असंच मशीन एका बेटावरच्या दवाखान्यात आहे, लसी ठेवायच्या फ्रिजला लावलेलं, आणि ते भाऊंच्या ड्रायव्हरवरच चालतं. "लांब हाय का ते बेट?" वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, लई लांब. शेवटी काहूनबुवांनी संकोचत विचारलं होतं, तिकडे मशीन तपासणारं दुसरं कोणी आहे का?

"म्हंजे काय?" वहिनी एकदम उसळल्या. "मशीन हितं हाय, मी हितं हाय!"

आम्ही अंड्यांच्या दोन खेपांमधला रिकामा दिवस धरला. नवा ड्रायव्हर घातला, काहूनबुवा लिहून सांगत होते आणि आम्ही करत होतो, चुकत होतो, पुन्हा करत होतो. मग वहिनींनी स्वतःच्या हाताने प्लग उपसला. आकडे उतरायला लागले तशा त्या स्क्रीनवरून नजर काढेनात. बॅटरी संपत आल्याची खूण अगदी वेळेवर आली. वहिनींनी टाळी वाजवली, आणि मग तोंडाला पदर लावला.

आकडे पाठवले. काहूनबुवांनी शाबासकी दिली आणि विचारलं, यापुढे या मशीनबद्दल कोणाला विचारायचं, नाव काय लिहू?

वहिनींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि बँकेत सही करतात त्याच इंग्रजी अक्षरांत, एकेक दाबून, नाव लिहिलं. आता यादीत त्या मशीनपुढे दोन नावं आहेत, आडनाव एकच. वहिनींनी ती दोन्ही नावं मला मोठ्याने वाचायला लावली. मग म्हणाल्या, "सांग त्याला, ह्यांच्या वाटचं मी सांगीन. इचार म्हनाव काय इचारायचं ते."