चाखणं म्हणजे खाणं नव्हे

माझा धाकटा मामा बेकरीत केकचं क्रीम फेटतो. मी तिथेच गल्ल्यावर बसते. एकेक भांडं झालं की मामा बोट बुडवून चाखतो, मगच ते पुढे जातं. त्याच्या जिभेचा त्याला फार तोरा. तब्येतीचा विषय काढला की मात्र अंगावर येतो.

मामीने हट्टाने त्याचं रक्त तपासून घेतलं. उपाशीपोटी साखर एकशे एकतीस आली आणि मामाच्या तोंडचं पाणी पळालं. थोरल्या मामाचा उजवा पाय साखरेनेच गुडघ्याखालून गेलेला. धाकटा संध्याकाळभर स्वतःची पावलं चाचपत बसला. मलाही भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते. मी त्याला दोनदा उगाचच फटकारलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. शंभरच्या आत ठीक, शंभर ते एकशे पंचवीस म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, एकशे सव्वीसपासून पुढे मधुमेह. पण काही त्रास नसताना एका आकड्यावर शिक्का मारायचा नसतो. उपाशी होतात ना, असं त्यांनी विचारलं. मामाने छातीठोकपणे हो म्हटलं.

मला राहवलं नाही. "मामा, त्या दिवशी तू कामावरून तसाच गेला होतास. क्रीम?"

"ते चाखलं. खाल्लं कुठे?"

बाईंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या खेपेला मामीने त्याला अंथरुणातून उठवून थेट तपासणीला नेलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीही केली. रिपोर्ट उघडायचा मामाला धीर होईना, म्हणून मीच वाचला. उपाशीपोटी एकशे सोळा, सरासरी सहा पूर्णांक एक दशांश टक्के. दोन्ही उंबरठ्यावरचे. वजन उतरवा, रोज चाला, तपासणी चुकवू नका, असं बाई सांगत होत्या. मामाच्या कानात त्यातलं काहीच शिरलं नाही. आपल्याला मधुमेह नाही, एवढंच त्याने ऐकलं.

घरी येऊन त्याने थोरल्याला हसत हसत आकडे सांगितले. थोरला मामा खाटेवर बसून दुमडलेला पायजमा सारखा करत होता.

"पहिल्यांदा माझेही एवढेच आले होते," तो म्हणाला. "मीही असाच हसलो होतो."

धाकटा खाली बसला.

दुसऱ्या दिवशी पहिलं भांडं फेटून झालं. मामाचं बोट सवयीने क्रीममध्ये बुडालं, वर आलं आणि तोंडाशी थांबलं. त्याने ते फडक्याला पुसलं आणि भट्टीवाल्याला हाक मारली.

"जरा तू चाख रे."