पक्षाच्या वतीने

माझे वडील तीस वर्षं राजकारणात होते आणि या तीस वर्षांत त्यांनी सगळ्यात जास्त भाषणं केली ती दहाव्याला.

आम्ही त्यांना नाना म्हणायचो. ओझरच्या विमान कारखान्यातली बरी चाललेली नोकरी सोडून ते एका छोट्या पक्षात गेले. आधी वॉर्ड अध्यक्ष, मग सरचिटणीस, मग शहराध्यक्ष. ऐकायला मोठं वाटतं. पक्षाचं कार्यालय दिंडोरी रोडला एका टायरच्या दुकानावर होतं आणि रोज त्याचं कुलूप उघडून केर काढायचं कामही शहराध्यक्षच करायचे. महापालिकेला एकदाच उभे राहिले, तेव्हा डिपॉझिट गेलं. पुढे पक्ष फुटला, तर त्यांना ना या गटाचा फोन आला ना त्या गटाचा. दोन दिवस फोनजवळ बसून काढले आणि मग स्वतःच एक गट निवडून त्यांनी पाठिंब्याचं पत्रक काढलं. आई म्हणाली, "दोघांनाही पाठवून द्या. तुम्ही आहात, एवढं तरी कळेल त्यांना." नाना हसले नाहीत.

दहाव्याचं मात्र त्यांचं पक्कं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्या दिवशी सकाळी गोदेच्या घाटावर विधी होतो. पिंडाला कावळा शिवला की महाराजांचं प्रवचन, आणि ते संपलं की माइकवर पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या. कोण आलं आणि कोण आलं नाही, हे घरचे लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, म्हणून सगळ्या पक्षांचे लोक येतात. मोठे पुढारी पाच मिनिटं टेकून गाडीत बसतात. नाना कावळ्याच्या आधी यायचे आणि सतरंज्या गोळा होईपर्यंत थांबायचे.

त्यांची एक पद्धत होती. पायऱ्या उतरता उतरता कुणाला तरी बाजूला घेऊन विचारायचे, वय काय होतं, मागे कोण कोण आहे, आजारी होते की एकाएकी गेले. तेवढ्या भांडवलावर भाषण. पुरुष असला तर 'घराचा आधारवड', बाई असली तर 'साऱ्या कुटुंबाला एका धाग्यात बांधणारी माउली'. शेवट ठरलेला. 'पक्षाच्या वतीने आणि माझ्या वतीने मी श्रद्धांजली अर्पण करतो. त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' आवाज छान होता, जरा भरून आलेला. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. नंतर लोक येऊन हात धरायचे, "नाना, तुम्ही आले, लय बरं वाटलं." या लोकांनी त्यांना मत कधी दिलं नाही, पण बरं मात्र त्यांना खरंच वाटायचं.

मला राग यायचा. तो लपवण्यात काही अर्थ नाही. आई बालवाडीत शिकवून घर चालवायची, पहाटे उठून नानांचा पांढरा सदरा इस्त्री करायची आणि मग कामावर जायची. माझ्या शाळेतल्या एकाही कार्यक्रमाला नाना आले नाहीत, कारण दर वेळी कुणीतरी दहा दिवसांपूर्वी गेलेलं असायचं. मी एकुलती एक. लहान असताना मी एकदा आईला विचारलं होतं की आपल्याकडे कुणी मेलं तर नाना घरी थांबतील का. आईनं पाठीत धपाटा घातला आणि मग किती तरी वेळ मला जवळ घेऊन बसली.

आईला कॅन्सर निघाला. पहिल्या केमोच्या सकाळी नाना मखमलाबादला एका दहाव्याला गेले होते. दवाखान्यात मी होते. अकराच्या सुमारास ते आले, पँटचे पाय अजून ओले होते.

"कोण गेलं होतं?" आईनं विचारलं.

नाना आठवू लागले. नाव काही येईना. "होते एक म्हातारे," ते शेवटी म्हणाले.

आई हसली आणि कूस बदलून पडून राहिली. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला सोसलं नाही. सहा महिन्यांनी ती गेली.

तिच्या दहाव्याला घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. नाना ज्यांच्या ज्यांच्या दुःखाला गेले होते, ती सगळी घरं आली. पेठ तालुक्यातली माणसं जीप करून आली. आमदार आले, आजी-माजी नगरसेवक आले. ज्या दोन गटांनी साधा फोन केला नव्हता, त्यांचे पुढारी एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसले. भाषणं झाली, सगळी नानांवर. आई त्यात 'मागे खंबीरपणे उभी असलेली' एवढीच होती. बालवाडीचं नाव कुणी काढलं नाही.

शेवटी घरच्यांनी दोन शब्द बोलायचे असतात. माइक नानांच्या हातात आला. मला एकच वाक्य हवं होतं. नवऱ्यानं बायकोबद्दल बोलावं असं एक वाक्य, मग ते कसंही चाललं असतं.

नाना उभे राहिले. विधी त्यांनीच केला होता, डोक्याचं मुंडण झालेलं होतं. घसा साफ करून ते त्याच आवाजात बोलू लागले. साऱ्या कुटुंबाला एका धाग्यात बांधणारी माउली. पक्षाच्या वतीने आणि माझ्या वतीने. "त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

लोकांनी माना खाली घातल्या. नानांच्या काहीच लक्षात आलं नाही. माइक परत देऊन ते कुटुंबीयांच्या रांगेत, माझ्या शेजारी येऊन बसले.

तेरावं झालं, पाहुणे गेले, तेव्हा मी त्यांना गाठलं. "तुम्ही कुणाच्या दहाव्याला आला होतात, नाना?" त्यांना कळेना. मग मी ते भाषण त्यांना म्हणून दाखवलं, शब्द न् शब्द, त्यांच्याच आवाजात. आज ते आठवलं की माझी मला लाज वाटते.

"असं म्हणालो मी?"

"हो."

"त्यांच्या कुटुंबीयांच्या?"

"हो."

त्यानंतर नाना घाटावर कधी बोलले नाहीत. शहराध्यक्षपदाचा राजीनामा पाठवला, त्याचं उत्तर अजून यायचंय. दहाव्याला मात्र जातात. मागे बसतात आणि कुणी माइक पुढे केला की हात जोडतात. आता तसं करणारेही कमी झालेत.

गेल्या महिन्यात मी माहेरी गेले होते. चहा घेताना ते आपणहून बोलू लागले.

"तुला वाटतं मी सवयीनं बोललो. सवय होतीच. पण एक सांगू? तुझी आई गेल्याचं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, तर दहाव्याला कोण कोण येईल. तिथंच उभा राहून मी नावं आठवत होतो. रडू मागून आलं. आणि घाटावर ती गर्दी पाहून मला आनंद झाला, पोरी. मग तिच्याबद्दल बोलायला तोंड कुठून आणू? जे पाठ होतं ते बोललो."

त्यांनी कप खाली ठेवला. तो बशीच्या कडेला लागून टेबलावर चहा सांडला. ते माझ्याकडे बघत बसले, मी काय म्हणते याची वाट बघत.

मला खूप काही म्हणता आलं असतं. त्या सकाळी गाड्यांची रांग पार मालेगाव स्टँडपर्यंत लागली होती. ती पाहून माझीही छाती फुगली होती आणि मी मनातल्या मनात आईला म्हणाले होते, बघ, किती लोक आलेत. हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांचं ओझं थोडं हलकं झालं असतं. मी फडकं आणून सांडलेला चहा पुसला आणि त्यांना विचारलं, अजून अर्धा कप घेणार का.