मोरितांचा श्वास

दुपारचे चार वाजत नाहीत तोच बाहेर अंधारून येतं. जर्मनीतला नोव्हेंबर. संस्थेच्या अतिथिगृहात, भिंतीला लागून असलेल्या सोफ्यावर उत्पला जगदाळे अंगातला कोटही न काढता आडवी होते. थोड्या वेळात खाली मोरितांची बायको येणार आहे, थेट जपानमधल्या सेंदाईहून. तोवर नुसते डोळे मिटायचे, झोपायचं नाही, असं ती स्वतःला बजावते. हीटरची कुरकुर जवळ येते, लांब जाते, परत जवळ येते. मग तीही थांबते आणि ताटवाट्यांचा आवाज सुरू होतो.

संस्थेचं कॅन्टीन. रांगेत तिच्या पुढे मोरिता उभे आहेत, हातात ट्रे घेऊन.

ते गेल्याला आठवडा झाला, हे तिला पक्कं ठाऊक आहे. त्याचं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते त्यांच्या बोलण्याचं. इतकी वर्षं दोघं मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत आले, आणि आज मोरिता मराठी बोलताहेत, तेही तिच्या इस्लामपूरच्या आत्यासारखं.

"काय गं, जेवलीस का न्हाई?"

"तुम्ही?"

"मला कुठली भूक आता."

जपान आणि जर्मनी मिळून एक यंत्र करत होते. भूकंपात, खाणीत माणूस गाडला गेला तर ढिगाऱ्यात शिरून त्याचा श्वास ओळखणारं. कान जपानी, धड जर्मन. त्या कानात शिरणाऱ्या गोंगाटातून श्वास तेवढा वेगळा काढायचा, हे काम उत्पलाचं. मंत्री बघायला येणार होते, म्हणून एका बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत रंगीत तालीम ठेवली. यंत्र आत अडकलं. मोरिता ते सोडवायला गेले आणि छत खाली आलं.

यंत्राला साधा ओरखडाही आला नाही. ते मोरितांच्या शेजारीच होतं. बाहेर उत्पलाच्या पडद्यावर अक्षरं उमटली: मानवी श्वास, निश्चित. इतकं अचूक ते त्याआधी कधीच चाललं नव्हतं. फक्त त्याला तोंड नव्हतं; ते ऐकतंय, हे आत कळायची सोय नव्हती.

कॅन्टीनची फरशी उतरती होते. ट्रे घसरत जातात, माणसं मात्र घसरत नाहीत. भिंतीचा रंग गडद होत होत कोळसाच होतो. तरी मध्ये आत्याच्या स्वयंपाकघरातला पाट मांडलेला आहे आणि मोरिता त्यावर मांडी घालून बसलेत. जपानी माणूस, पण बैठक अगदी घरच्यासारखी.

"एक सांग," ते म्हणतात. "माझा श्वास तुला ऐकू येत हुता?"

"येत होता."

"शेवटपत्तुर?"

"शेवटपर्यंत."

ते मान हलवतात. त्यांची छाती हलत नाही, हे आता तिच्या लक्षात येतं.

"मला वाटलं, त्या अंधारात मी एकटाच हाय." मग ते विचारतात, "ऐकत हुता, तर मग आला का न्हाईसा?"



"खोदायचं यंत्र दारातच उभं होतं, मोरितासान. पण ते आत न्यायला दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची संमती लागते. करारातच तसं घातलंय. इकडची मिळाली. तिकडे जपानात मध्यरात्र होती. मी फोन करत होते. सारखी करत होते."

"उचलला न्हाई कुणी."

"नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते तिच्याकडे बघत राहतात. लहान पोर पडल्यावर बघावं, तसं.

"माझा श्वास कुठं हाय आता?"

"रेकॉर्ड करून ठेवलाय. यंत्र चालतं याचा पुरावा म्हणून. काम पुढे चालू ठेवायचं ठरलं, ते त्याच्यावरच."

"नाव घातलंय माझं?"

"नाही. नमुना म्हणतात."

"आणि चिकाकोला काय सांगणार?"

"छत पडल्यापडल्या गेलात, असं. दोन्हीकडचं ठरलंय."

"हे मातुर लगेच ठरलं," मोरिता म्हणतात.

पाट नाही. मोरिता नाहीत. तिच्या तोंडासमोर कोळशाची भिंत आहे आणि तिच्यापलीकडून श्वास येतोय. आत, बाहेर. मध्येच अडखळतो, परत सुरू होतो. तिच्या हातात काही नाही. ती नखांनी उकरू लागते. कोणी तरी मागून म्हणतं, थांबा, संमती यायचीय. ती थांबत नाही. श्वास विरळ होत जातो. ती उकरत राहते.

फोन वाजतोय. खोलीत अंधार. उत्पला चाचपडत दिवा लावते. खालून सांगतात, पाहुण्या आल्यात.

सोफ्यालगतच्या भिंतीचा गिलावा हातभर ओरबाडून निघालाय. तिच्या नखांत पांढरा चुना भरलाय. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख मुळातून उचकटलंय आणि रक्त मनगटापर्यंत ओघळून वाळलंय.

हात न धुता ती खाली उतरते.

दिवाणखान्यात संचालक उभे आहेत, शेजारी दुभाषा. चिकाको मोरिता काळ्या पोशाखात, लहानखुऱ्या. त्या कमरेत वाकून नमस्कार करतात, आणि वाकल्यावाकल्याच त्यांची नजर उत्पलाच्या बोटांवर थबकते. सरळ होऊन त्या काहीतरी विचारतात.

"हाताला काय झालं, म्हणताहेत," दुभाषा सांगतो.

"ते लगेच गेले नाहीत," उत्पला इंग्रजीत म्हणते. "बराच वेळ जिवंत होते. आम्ही ऐकत होतो."

"डॉक्टर जगदाळे!" संचालकांचा आवाज.

दुभाषा संचालकांकडे बघतो. भाषांतराची गरज नसते. तेवढं इंग्रजी चिकाकोंना येतं. त्या खुर्चीची पाठ धरतात.  मग एकेक शब्द शोधत, स्वतःच इंग्रजीत विचारतात,

"तुम्ही ऐकताय, हे त्यांना माहीत होतं?"

"नाही," उत्पला म्हणते.