आमच्या ग्रहावरचे सात खड्डे

आमच्या बाबांच्या गाण्याच्या पार्टीच्या नावाचा एक दगड आकाशात फिरतो. ही थाप नाही. थाप मी नंतर मारली, फ्लेक्स छापताना.

पार्टीचं नाव 'तर्री'. बाबा आणि त्यांचे सहा मित्र दर रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर गायचे आणि मग कोपऱ्यावर झणझणीत रश्श्याचे तर्री-पोहे खायचे. (पोह्यांना हजेरी जास्त असे.) सातांतले आता तिघंच उरलेत. मीही मध्ये दोन महिने ढोलकी वाजवली. एका रविवारी माझ्या ठेक्यावर बाबा पेटी मिटून उठले, त्यानंतर त्यांनी मला ढोलकीला हात लावू दिला नाही.

माझी भाची मीनल परदेशात आकाशातले दगड शोधते. तिच्या गटाला एक छोटासा लघुग्रह सापडला, नाव सुचवायची पाळी तिची आली, आणि पोरीनं आजोबांची 'तर्री' सुचवली. मंजूरही झाली! बाबा म्हणाले की मीनल आली की तिचा सत्कार करू, फ्लेक्सचं तू पाहा. हे नीट जमलं तर ढोलकी परत मिळणार, असा मी हिशेब मांडला.

मीनलनं ग्रहाचा फोटो पाठवला. काळ्यावर एक पांढरा ठिपका, शेजारी बाण. फ्लेक्सवाला म्हणाला, हा कचरा पुसून पाठवा. आता दहा फुटी फ्लेक्सवर ठिपका लावून बाबांची शोभा करायची? मी स्वयंपाकघरात शिरलो, टोपलीतला सगळ्यात वेडावाकडा आलू निवडला, बायकोच्या काळ्या शालीवर ठेवला आणि बाजूनं टॉर्च मारली. काय सांगू, हुबेहूब ग्रह! फोटो काढून आलू कपाटात लपवला.

समारंभाच्या आदल्या दिवशी फ्लेक्स लागला. बाबा चष्मा पुसून बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि एकेका खड्ड्याजवळ नाव लिहायला लागले. सगळ्यात मोठा तबलेवाल्या वसंतकाकांचा, त्याला लागून बासरीवाल्या रहीमकाकांचा. सात खड्डे, सात नावं, त्यांतली चार गेलेल्यांची. आता खरं सांगायचं कोणत्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. मीनलनं फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कानाशी येऊन म्हणाली, "मामा, ग्रहाले कोंब फुटून राहिला."

मी तिला हात जोडले. तेवढ्यात बाबांनी माईकवरून विचारलं, "मीनल, सांग वं सगळ्याईले, हे खड्डे कशानं पडले?"

मीनलनं माईक घेतला. "आजोबा, लांबून फिरत आलं की खड्डे पडतातच."

टाळ्या पडल्या. मी सुटलो म्हणेपर्यंत पहिल्या रांगेतून बायको उठली. अवकाशाच्या डाव्या कोपऱ्यात तिला तिच्या शालीची जरीची किनार दिसली होती.

"अहो, ही तर माझी शाल आहे," ती म्हणाली. "आन् हा आलू!"

अख्खा हॉल हसला. मी मान खाली घालून बाबांसमोर गेलो आणि सगळं कबूल केलं. ढोलकी गेली ती गेलीच, पण त्या चार नावांची थट्टा झाली म्हणून मला रडूच यायला लागलं.

बाबा शांतपणे म्हणाले, "घरचा बाजार मीच करतो गा. मी आणलेला आलू मले ओळखू येत नाही काय? पण मीनलनं मलेही दाखवलेल्या त्या ठिपक्यावर सात जणं बसवू कुठं?"

मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच विचारलं, "मग बाबा, मी कुठं आहे याच्यावर?"

बाबांनी कोंबावर बोट ठेवलं.

संध्याकाळी बायकोनं कपाटातला आलू शोधून काढला आणि त्याची भाजी केली. चिरायच्या आधी तिनं कोंब उडवला, म्हणजे पहिल्यांदा मलाच.